फोपनारची हळद नापास होते

हे मी कुणालाही सांगायचं नाही, असं आईने मला देवघरासमोर उभं करून बजावलं आहे. शपथही घालणार होती, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि शपथ राहून गेली. म्हणजे नियमाने बघितलं तर मी मोकळी आहे.

आणि न सांगून करू तरी काय? आमची नेपानगरची काकू, जिथे जिथे आमचे नातेवाईक आहेत तिथे तिथे, पार देडतलाईपर्यंत, हा किस्सा स्वतःच्या पद्धतीने सांगत सुटली आहे. तिच्या किश्शात मी ठार वेडी आहे. खऱ्या किश्शात मी अर्धीच वेडी आहे. एवढा फरक लोकांना कळायला नको का?

आधी एक सांगते. मी फार बोलत नाही. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठेवते आणि आत पळते. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर जात नाही. तर अशा मुलीने बहिणीच्या हळदीत, घरभर बायका बसलेल्या असताना काय गोंधळ घातला, ते ऐका.

माझी मोठी बहीण उज्ज्वला. आम्ही तिला ताई म्हणतो. तिचं लग्न ठरलं फोपनारच्या केळीवाल्यांच्या घरात. केळीच्या कडेला ते थोडी हळदही लावतात आणि त्या हळदीचा त्यांना असा काही अभिमान, की साखरपुड्यात दाजींची ओळख नंतर झाली, हळदीची आधी.

आता नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद मुलीला लावायची, ही आपल्याकडची रीत. उष्टी हळद. ती घेऊन त्यांच्याकडच्या बायका सकाळीच गाडी भरून बुऱ्हाणपुरात आमच्या दारात उतरल्या. सगळ्यात पुढे दाजींच्या आत्या. हातात स्टीलचा डबा, डब्यावर केळीचं पान, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू डब्यात सोनं आहे.

"घरच्या वावरातली हाय," आत्या चपला काढायच्या आधी म्हणाल्या. "मीच उकडली, मीच वाळवली, समोर उभं राहून दळून आणली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं.

त्याचं कारण ताईचा चेहरा. साखरपुड्याच्या आधी कुणीतरी तिला बाजारातला कसलासा लेप दिला होता. 'नैसर्गिक' म्हणे! सकाळी उठून बघतो तर ताईचे गाल सुजून टमाटर. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ती पदर गालापर्यंत ओढून बसली आहे, आणि त्यांच्याकडच्या लोकांना वाटलं, काय लाजरी मुलगी आहे! ती लाजत नव्हती हो, तिला खाजत होतं. त्या रात्री ती रडली ते मी ऐकलं. तेव्हाच मी ठरवलं होतं, आता ताईच्या तोंडाला जे लागेल ते आधी माझ्या हाताखालून जाईल.

तुम्ही म्हणाल, तू कोण मोठी तपासणारी? मोठी नाही. पण आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी आम्हाला एक गंमत शिकवली होती. कागदाची पट्टी घ्यायची. खाली एक रेघ मारायची. रेघेवर जे तपासायचं त्याचा ठिपका द्यायचा. मग पट्टीचं टोक पाण्यात बुडवून उभी करायची, ठिपका पाण्याच्या वर राहील अशी. कागद पाणी पितो, पाणी वर चढतं, आणि जाता जाता ठिपक्यातल्या रंगांना ओढत नेतं. पण सगळ्यांना सारखं नाही! पाण्यात सहज विरघळणारा रंग भराभर वर जातो, कागदाला चिकटून राहणारा मागे पडतो. शाळा सुटल्यावर पोरं पळतात ना, तसंच. सगळी एकाच फाटकातून निघतात, पण कोण किती पुढे पोचलं त्यावरून ओळखता येतं, कोणतं पोर कोणतं.

आणि मॅडम म्हणाल्या होत्या, खरी हळद पाण्यात विरघळत नाही. ती आपल्या जागी बसून राहते. पण त्यात वरून रंग मिसळला असेल, तर तो पाण्याबरोबर वर पळतो.

सोपं आहे की नाही?

कागदाचा प्रश्नच नव्हता. काका नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये आहेत. काकू येताना कोऱ्या कागदाची भेंडोळी आणते, आणि आमच्या घरात पापड त्यावर वाळतात, पोळ्या त्यात गुंडाळतात, फळ्यांवर तोच अंथरलेला. पाणी पिण्यात त्या कागदाचा हात कोणी धरणार नाही.

आत्या चहा घेत होत्या. डबा ओट्यावर होता. मी केळीचं पान जरासं उचललं, चिमूटभर हळद घेतली आणि मागच्या मोरीपाशी गेले. करंगळीएवढी पट्टी कापली. 'शुभविवाह'चा फलक मीच रंगवत होते, त्यामुळे खिशात काळं स्केचपेन होतंच. त्याने छान ठसठशीत रेघ मारली. त्यावर हळदीचा ठिपका दिला. ठिपका एवढा मोठा झाला की रेघ त्याखाली दिसेनाशी झाली. पट्टी पेल्यात उभी केली आणि श्वास रोखून बसले.

पाणी चढलं. हळद जागच्या जागी बसून राहिली. मी म्हटलं, वा आत्या! आणि तेवढ्यात हळदीच्या वर गुलाबी पट्टा उमटला. मग त्याच्याही वर निळा.

निळा!

मी पट्टी उचलून आत धावले. आत ताई पाटावर बसली होती. आत्यांनी डबा उघडला होता. काकू गाणं म्हणत होती. आत्यांची बोटं हळदीत बुडाली, ताईच्या गालाकडे निघाली, आणि मी, जी मी कधी 'चहा घ्या' सुद्धा मोठ्याने म्हणत नाही, ती मी ओरडले,

"थांबा! त्या हळदीत रंग आहे!"

गाणं थांबलं. आत्यांचं बोट हवेतच राहिलं. त्यावरून हळदीचा एक थेंब ताईच्या साडीवर पडला.

"काय बोलून राहिली ही पोर?" आत्यांनी विचारलं.

"हळदीत भेसळ आहे. गुलाबी आणि निळा रंग आहे." मी ओली पट्टी वर धरली.

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "वेदू, आत जा."

"नाही जाणार."

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसेना. आईचाही बसला नाही, म्हणून तिने परत सांगितलं. मी परत नाही म्हटलं.

काकूने पट्टी हातात घेऊन उजेडात धरली. "अगं पण पिवळ्या हळदीत निळं कोण कशाला घालील?"

प्रश्न बरोबर होता. अगदी बरोबर होता! तिथेच मी दोन मिनिटं विचार केला असता तर हा किस्सा घडलाच नसता. पण मी म्हटलं, "चमक यावी म्हणून. पांढऱ्या कपड्यांना नीळ नाही घालत? तसंच."

बायकांत कुजबुज झाली. "खरंच की," कुणीतरी म्हणालं. विज्ञान असं पसरतं बघा.

आत्या उठल्या. डबा खाली ठेवला. "मी उकडली, मी वाळवली. मग निळं काय आभाळातून पडलं का त्याच्यात?"

"ते तुम्हाला माहीत, आत्या."

"वेदू!" आई.

त्यातच दाजींचा फोन आला. ताईच्या मांडीवरचा फोन आत्यांनीच उचलला. "हळद लागली का विचारतो? लागली नाही, बाबा. आपली हळद तुझ्या सासरी परीक्षेला बसली आन् नापास झाली!" आणि फोन ठेवून दिला.

ताई नुसती माझ्याकडे बघत होती. मुहूर्त जवळ येत होता. आत्या म्हणत होत्या, आमच्या हळदीवर तुमचा भरवसा नसेल तर आम्ही डबा घेऊन परत जातो. उष्टी हळद परत गेली म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा मी मागे हटायला हवं होतं ना? शहाण्या मुलीने हटायलाच हवं होतं. पण पट्टीवरचा रंग मी डोळ्यांनी पाहिला होता. आणि ताईचे ते सुजलेले गालही.

काकू मध्ये पडली. "असं करू. आपल्या घरची हळद आण. तीही लाव. दूध का दूध होऊन जाईल."

मी घरची हळद आणली. नवीन पट्टी, पुन्हा ठसठशीत रेघ, ठिपका, पेला. सगळ्या बायका मोरीपाशी गोळा झाल्या. पाणी चढलं. थोड्या वेळाने गुलाबी. मग निळा.

आत्या एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या गच्चीवरची माणसं वाकून बघायला लागली. "आता बोल! तुमची कोणत्या वावरातली?"

आईचा चेहरा उतरला. आणि मी? मी म्हटलं, "म्हणजे दोन्हीकडे भेसळ आहे."

इथून पुढे सगळं हातातून सुटलं. काकू म्हणाली कुंकू बघ. कुंकवात निळा! कुणीतरी मीठ आणलं. मिठात गुलाबी आणि निळा! तांदळाचं पीठ. त्यातही! शेवटी देवासाठी आणलेलं दूध आणलं. दुधात मिठापेक्षाही जास्त निळा! मी एकेक पट्टी काढून कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने अडकवत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, लग्नाची सजावट आहे.

"अरे बाप रे," काकू भिंतीला टेकून म्हणाली, "म्हणजे आपण आजवर खाऊन काय राहिलो?"

काका मिठाचा पुडा घेऊन किराणावाल्याशी भांडायला निघूनही गेले. एक बाई मुलाच्या हातातली मावा जिलेबी काढून घेत होती, मूल भोकाड पसरून रडत होतं. आणि आत्या! मघाशी डबा उचलून निघालेल्या आत्या आता माझ्याच बाजूला येऊन बसल्या होत्या. "पोरी, साखर बघ बरं. ती साखर मला पहिल्यापासून संशयाची वाटते."

खरं सांगते, मला जरा मजा यायला लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

आता एक कबूल करते. मीठ आणि दुधाच्या वेळी काळी रेघ उघडीच होती. ती फिकी पडत होती, हे मी पाहिलं. चक्क पाहिलं! पण पिंजऱ्यात आरोपी उभा असताना हवालदाराकडे कोण बघतं?

मग ताईचा आवाज आला. ती पाटावरून उठून मोरीच्या दारात आली होती. तिने कॉमर्स घेतलं आहे. विज्ञान तिने दहावीनंतर असं सोडलं, जशी कुणी गळकी छत्री टाकून द्यावी.

"वेदू, एक काम कर. आता काहीच लावू नकोस."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. नुसती रेघ मार आणि पट्टी पाण्यात ठेव."

"त्यात काय दिसणार आहे?"

"बघू तर."

मी रेघ मारली. पट्टी ठेवली. पाणी रेघेपर्यंत आलं. रेघ भिजली, विस्कटली, आणि त्यातून आधी गुलाबी, मग त्याच्याही वर निळा असा शांतपणे, कुणाचीही भीड न ठेवता वर चढत गेला.

हळद नाही. मीठ नाही. दूध नाही. नुसती माझी रेघ.

"रेघ पेन्सिलीने मारायची," मॅडमचं वाक्य मला तेव्हा आठवलं. तेव्हा! पेन्सिल पाण्यात विरघळत नाही. आणि काळं स्केचपेन हे मुळात काळं नसतंच, निळा, गुलाबी आणि कुठले कुठले रंग मिसळून ते काळं केलेलं असतं. अख्ख्या घरात भेसळीची एकच वस्तू होती, आणि ती माझ्या खिशात होती.

आत्यांनी स्केचपेन माझ्या हातातून घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. "ही का तुमची भेसळ?" असं म्हणाल्या, आणि मग सगळ्या बायका अशा हसल्या, अशा हसल्या, की काकू जमिनीवर बसली ती उठेचना. ताईसुद्धा हसली. आई तेवढी हसली नाही. तिला आधी काकांना किराणावाल्याकडून परत आणायचं होतं.

काकूचा किस्सा इथे संपतो. माझी फजिती, सगळे हसले, जेवणं झाली, बस्स. पण इथे तो संपला नाही, हे तिला माहीतच नाही. म्हणून तर मी लिहायला बसले.

कारण मी रडले नाही. मी म्हटलं, "रेघ चुकली. तपासायचं ठरवलं ते चुकलं नाही. मला पेन्सिल द्या."

"आता पुरे कर गं बाई," आई म्हणाली.

"ताईच्या तोंडाला लागायच्या आधी एकदा नीट बघणार. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

आणि पेन्सिल कुणी दिली माहीत आहे? आत्यांनी. मांडववाल्याच्या कानावरची काढून आणली. "घे. आमच्या हळदीला भ्यायचं कारण नाही."

मी पेन्सिलीने रेघा मारल्या. एका पट्टीवर फोपनारची हळद. दुसऱ्या पट्टीवर, बरोबरीला म्हणून, आमच्या घरची. फोपनारची हळद रेघेवर बसली ती बसलीच. पाणी तिच्या अंगावरून वर गेलं, ती ढिम्म. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शुद्ध आहे."

आत्यांनी लगेच पहिलं बोट ताईच्या गालाला लावलं, आणि उरलेली मूठ माझ्या तोंडाला फासली. नाकात, कानात, केसांत. गाणं पुन्हा सुरू झालं. सगळ्या आत गेल्या.

मोरीपाशी राहिले मी, आई आणि ती दुसरी पट्टी.

आमच्या घरच्या हळदीच्या पट्टीवर एक पिवळाजर्द पट्टा सरळ वर चढत चालला होता. गुलाबी नाही, निळा नाही. सुंदर, झळझळीत पिवळा. वरपर्यंत. मघाशी निळ्याच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

आईने तो पाहिला. पट्टी काढून मुठीत चुरगाळली. "एक शब्द बोलायचा नाही."

"आई, ही हळद आज वरणात जाणार आहे."

"आजचा दिवस जाऊ दे. आत्यांच्या घरची शुद्ध आणि आपली अशी, हे कळलं तर ताईला तिथे जन्मभर ऐकावं लागेल."

"आणि ताई आज जेवणार नाही का? आत्या जेवणार नाहीत?"

मी परसात गेले. आचारी हळदीचा डबा उघडतच होता. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि सगळा मोरीत उपडा केला.

"अरे बिटिया, वरण पांढरं होईल ना!" तो ओरडला.

"होऊ दे."

झालं. वरण पांढरं. बटाट्याची भाजी पांढरी. कढीसुद्धा पांढरी. पानावर बसलेल्या आत्यांनी सगळीकडे बघून विचारलं, "हळदीच्या दिवशी हळदीशिवाय जेवण? हे काय नवीन?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "आमच्याकडे पद्धतच आहे तशी. आज हळद फक्त नवरीच्या अंगाला. कुणी खायची नाही."

आत्यांनी घास खाली ठेवला. हात जोडले. "किती चांगली पद्धत हो!"

आता त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि ऐकते असं, की तिथेही हळदीच्या दिवशी पांढरं वरण करणार आहेत. ही पद्धत कुठून आली ते तुम्हाला आता माहीत आहे. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा तपासणार, पुन्हा डबा उपडा करणार. फक्त पेन्सिलीने.

तुम्ही विचाराल, पण ती खोटी हळद तुमच्या घरात आणली कुणी? आईने? नाही. काकूने? नाही. तेही सांगून टाकते, लपवायचं कशाला. लग्नासाठी हळद आणायला आईने घरातल्या एकाच माणसाला पाठवलं होतं. त्या माणसाने दुकानात एकामागून एक पोती उघडायला लावली, हातावर घेऊन उजेडात धरली, मळकट पिवळी दिसली ती बाजूला सारली, आणि 'ही बघा, हळद अशी असते' असं दुकानदारालाच शिकवून, सगळ्यात झळझळीत होती ती निवडून आणली. आणि ते माणूस म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून खुद्द

"वेदू! काय लिहीत बसलीस गं केव्हाची? इकडे ये आधी!"

आले, आई! तर ते माणूस म्हणजे